निर्माल्यातून परत आलेल्या गोळ्या

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी देवाला वाहून टाकल्या. आणि हा मूर्खपणा मी पूर्ण विचारांती, आंघोळ करून, सोवळं नेसून केला.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. कारखान्यातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एका सकाळी मला बुटाची नाडी बांधता येईना. ती हातात धरून मी तासभर रडत बसलो. पुढे मनाच्या दुखण्यासाठी तीन आठवडे इस्पितळ, आणि मग घरी, जयनगरच्या आमच्या भाड्याच्या घरात. त्या दिवसांत दात घासणं हे सकाळचं काम असे आणि आंघोळ हे दुपारचं. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्याचा विचार करू नका, फक्त जेवणापर्यंतचा करा. जन्मभर कारखान्याचे वर्षावर्षाचे आराखडे आखणारा मी जेवणापर्यंतचा आराखडा आखू लागलो, आणि तोही बहुतेक वेळा कोलमडायचा. बायको रोज सकाळी मला मागच्या रस्त्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत चालायला पाठवायची. वाटेतली मोठाली झाडं, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून येणारा कॉफीचा वास, देवळाबाहेरची अबोली. आज ते सगळं आठवलं की वाटतं, आजारी होतो खरा, पण सकाळी किती सुंदर होत्या.

आता माझी अक्कल बघा. काशीला गेलं की आवडीची एखादी वस्तू कायमची सोडायची, ही आमच्या घरची पद्धत. आजोबांनी फणस सोडला होता, आईनं वांगं. महिना-दीड महिन्यात मला झोप लागू लागली, जेवण जाऊ लागलं, तसं मनात आलं की आपणही काहीतरी सोडावं, म्हणजे शरणागती पुरी होईल. कारलं सोडण्यात अर्थ नव्हता, ते मी खातच नव्हतो. मग गोळ्या सोडल्या. दोन पाकिटं अबोलीच्या माळेखाली ताटात ठेवली, पुजाऱ्यांनी न बघताच सगळं पादुकांवर वाहिलं आणि मी हलक्या मनानं घरी आलो. बायकोला काही बोललो नाही. रोज नुसतं पाणी पिऊन गोळी गिळल्याचा अभिनय मात्र केला, आणि तो चांगला वठला हे दुर्दैव.

देवळाच्या पायरीशी फुलं विकणारी अक्का निपाणीकडची. कोपरापासून बोटापर्यंत हात लावून माळ मोजायची, त्या मापाला इथं कानडीत मोळ म्हणतात. देवावरून उतरलेलं निर्माल्यही तीच झाडांना घालायला न्यायची. तिसऱ्या दिवशी बघतो तर ती माझी पाकिटं उंच धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, कुणाच्या गोळ्या म्हणून. मी मान खाली घालून आत सटकलो आणि ती विचारायचं थांबेपर्यंत अकराच्या जागी एकवीस प्रदक्षिणा घातल्या.

दहाव्या दिवशी मात्र मला देवळाच्या पायरीवरून उठता येईना. तीन रात्री झोप नव्हती, हात थरथरत होते. जेवणापर्यंतचं राहू दे, समोरचा रस्ता ओलांडण्यापर्यंतचंही काही दिसेना. संपून जावं असा विचार आला. त्याची भीती वाटली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

तेवढ्यात अक्का शेजारी येऊन बसली. केळीच्या पानात गुंडाळलेली दोन पाकिटं तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

“आमच्या मालकांच्या पण असल्याच हायत,” ती म्हणाली. “सोडल्या की त्यांचे हात असेच हालत्यात. बायकोला फोन लावा.”

मी म्हटलं, लावतो, घरी जाऊन.

“आत्ता. तोवर मी हितनं हालत नाही.”

गुरुवार होता, ऐन विक्रीची वेळ. गिऱ्हाइकांना “स्वल्प थांबा” म्हणत ती तशीच बसून राहिली. मी फोन लावला आणि पहिल्यांदा खरं ते सांगितलं. बायको रिक्षानं आली ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. तिथून थेट डॉक्टरांकडे. त्यांनी मला शाळकरी पोरासारखं झापलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. पुन्हा जेवणापर्यंतचे दिवस, मग हळूहळू संध्याकाळपर्यंतचे.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. माझे हात तिनं आधीच पाहिले असतील. पण निर्माल्याच्या त्या ढिगातून ती पाकिटं नेमकी जिच्या घरात तेच दुखणं आहे तिच्याच हाती जावीत, या विचारापाशी आलो की मी हात जोडतो आणि पुढे विचार करत नाही. शरण जाणं म्हणजे आपलं ओझं देवाच्या अंगावर टाकून पळणं, अशी माझी समजूत होती. तो जे देतो ते मुकाट्यानं हात पुढे करून घेणंही त्यातच येतं, अगदी रोज सकाळची गोळी असली तरी, हे मला पायरीवर बसून कळलं.

आता आम्ही मुलाजवळ एचएसआर लेआउटला अकराव्या मजल्यावर राहतो. इथं देवळाची घंटा ऐकू येत नाही. गुरुवारी अजून त्या रस्त्याची फार आठवण येते. जयनगर सोडलं त्या सकाळी अक्काचा निरोप घ्यायला गेलो होतो. डोळे भरून आले. म्हटलं, अक्का, मी वाहिलेल्या गोळ्या देवानं तुमच्या हातून मला प्रसाद म्हणून परत केल्या.

माळ गुंफता गुंफता, वर न बघता ती म्हणाली, “परत करंल नाही तर काय? त्याचं डोकं ठीक हाय, अण्णा.”