मौनमालती आणि माझे भाऊजी

नाशिकहून सकाळच्या एसटीनं निघाले तेव्हा कसारा घाटात इतकं धुकं होतं, की घाट आला हे कानांत दडे बसले तेव्हाच कळलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाचं काही कार्य आहे का?" मी म्हटलं, "नाही, गाण्याला चाललेय. शहापूरला उतरून पुढं मुरबाडच्या बाजूला." त्यांनी माझे पांढरे केस पाहिले, खिडकीबाहेरचं धुकं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

घरोघरी मोबाइल नुकते येऊ लागले होते तेव्हाची ही गोष्ट. 'संगीत मौनमालती' हे नाटक आम्हा दोघी बहिणींना आईनं लहानपणी पुन्हा पुन्हा दाखवलं. पुढं कंपनी बंद पडली आणि नाटक गेलं. राहिली ती पदं, तीही भांडी घासताना गुणगुणण्यापुरती. आता दिगंबर नावाच्या एका तरुण गायकानं ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं होतं. पडदे नाहीत, पोशाख नाहीत, गद्य नाही. गादीवर बसून नुसती पदं. ठाण्याचा प्रयोग पुढच्या महिन्यात होता, पण त्याआधी एक प्रयोग तो स्वतःच्या गावी करणार अशी बातमी ठाण्यात राहणाऱ्या माझ्या ताईला लागली. महिनाभर थांबायला काय झालं होतं, असं नाशकात मला सगळ्यांनी विचारलं. अर्धं आयुष्य वाट पाहिलेल्या माणसाला शेवटचा महिना जात नाही, हे नाटकाचं वेड नसलेल्याला कसं समजावणार?

खरी मेख मात्र वेगळीच होती. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. दोष एकच. 'मौनमालती'सकट पाहिलेल्या प्रत्येक नाटकाचं गद्य त्यांना पाठ, आणि प्रयोग सुरू झाला की ते तोंडातल्या तोंडात सगळ्या पात्रांची भाषणं म्हणू लागतात. तोंडातल्या तोंडात म्हणजे पुढच्यामागच्या रांगांना नीट ऐकू जाईल इतपत. एकदा नायक भाव दाखवायला म्हणून क्षणभर थांबला, तर भाऊजींनी पुढचं वाक्य असं खणखणीत टाकलं की टाळी त्यांनाच पडली. नायकानं रंगमंचावरून हात जोडले. ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या दिवसापासून तिनं त्यांच्याबरोबर नाटकाला जाणं सोडलं. भाऊजी एकटे जायचे आणि मध्यंतरातच परत यायचे. "तू नसलीस की गोडी लागत नाही," म्हणायचे. "आणि मी असले की मला तोंड लपवावं लागतं," असं ताईचं उत्तर. दोघंही नाटकवेडी, आणि दोघंही घरात. मला तर त्यांच्या त्या घराचीच कीव यायची.

या प्रयोगात गद्यच नव्हतं. वाक्यच नाही म्हटल्यावर माणूस पुटपुटणार काय? म्हणून ताई यायला तयार झाली, तीही अट घालून.

शहापूरच्या स्टँडवर दोघं माझ्या आधी पोचली होती. भाऊजींनी माकडटोपी घातली होती आणि वरून तोंडाला मफलर गुंडाळला होता. "थंडीसाठी नाही, मीच बांधलाय," ताई म्हणाली. "आणि आता तुझ्यादेखत सांगते. आज कार्यक्रमात यांच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला, तर या जन्मात यांच्याबरोबर नाटकाला येणार नाही." भाऊजींनी मफलरातून मान हलवली. मला हसू आलं, पण त्यांचे डोळे पाहून मी ते गिळलं. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. आज जमलं नाही तर उरलेलं आयुष्य शेजारची खुर्ची रिकामी, हे त्यांना कळत होतं.

बाजारपेठेतल्या टपरीवर गरम वडे खाल्ले. उत्तरेला माहुलीचे सुळके धुक्यातून वर आले होते आणि खाली रस्त्यावर सुकटीचा वास दरवळत होता. मुरबाडकडे जाणारी शेअरची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ती भरली की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या ड्रायव्हरचा. आम्हाला भरलेली वाटली तेव्हा अजून चार माणसं, दोन घोंगड्या आणि कोंबड्यांची एक पाटी आत आली. पाटीची मालकीण माझ्या मांडीला मांडी लावून बसली. तिचं नाव हिरूबाय.

"म्हशाला चालले का गो बाय? जत्रंला?" तिनं विचारलं. जीपमधले बाकीचे सगळे म्हशाच्या जत्रेलाच निघाले होते, कुणी बैल बघायला तर कुणी घोंगडी घ्यायला.

"नाही, अलीकडेच उतरणार. दिगंबरच्या गाण्याला," मी म्हटलं.

"आमच्या दिगूच्या? मी पन तितलीच." हिरूबाय खूश झाली. "ता नाटक हाय ना? काय गोष्ट हाय त्याची?"

हा प्रश्न माझ्याकडे पाहून विचारला होता. उत्तर मफलरातून आलं. अट कार्यक्रमापुरती आहे आणि जीप म्हणजे काही कार्यक्रम नव्हे, असा कायदेशीर विचार भाऊजींनी केला असावा. "राजा जयध्वज फार संशयी," त्यांनी सुरुवात केली. "एका रात्री राणी मालती बागेत कुणाशी तरी बोलतेय, हे त्यानं ऐकलं. तो होता तिचा भाऊ, वेष पालटून आलेला. पण राजा कसला विचारतोय! गरजला, 'आजपासून तुझा एक शब्दही आमच्या कानी पडता कामा नये!' राणीनं आज्ञा पाळली. बोलणं बंद. पण गाण्याची बंदी नव्हती, म्हणून ती नुसती गायची. राजा त्यावरही चिडला आणि त्यानं तिला वनात धाडलं."

ड्रायव्हरनं गाडी हळू केली होती. बैल बघायला निघालेले दोघं पुढं झुकले होते. इतक्यात ताई खोकली. तो खोकला सर्दीचा नव्हता हे कोंबड्यांनाही कळलं असेल. भाऊजींचं तोंड गपकन मिटलं.

"मंग? त्या रानीचा पुढं काय झाला?" हिरूबायनं विचारलं.

"दुपारी कळेल," भाऊजी घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढला. या दोन शब्दांनी पुढं काय केलं ते सांगतेच.

भातं कधीच कापून झाली होती. रिकाम्या खाचरांत वालाचे वेल पसरले होते, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या आणि समोर सह्याद्रीची भिंत हळूहळू निळी होत होती. गावच्या फाट्यावर उतरून आम्ही चालत दिगंबरच्या काकांकडे गेलो; बाहेरगावच्या श्रोत्यांची जेवणं त्यांच्याकडेच होती. जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं होतं. ते इतकं चविष्ट, की ताई अर्ध्या तासात एकदाही भाऊजींवर डोळे वटारू शकली नाही. गाणाऱ्या बाई, तबलजी आणि ऑर्गनवाले आधीच जेवून मैदानावर गेले होते. रात्री वीज जाते म्हणून कार्यक्रम भर दुपारी, शाळेच्या पटांगणात ठेवला होता.

आम्ही गेलो तेव्हा पटांगण भरलं होतं. दिगंबर हरखला होता. "गावाला शास्त्रोक्त गाण्याची एवढी आवड असेल, असं मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला. मी गर्दीकडे पाहिलं आणि मला खरा प्रकार कळला. पुढच्याच रांगेत हिरूबाय बसली होती. तिच्या डावीकडे बाया, उजवीकडे बाया, मागं त्यांचे नवरे. कोंबड्या घरी सोडून तिनं दारोदार जाऊन राणीची गोष्ट अर्धी सांगितली होती आणि उरलेली ऐकायला सगळं गाव घेऊन आली होती.

नांदी झाली. मग पहिलं पद, दुसरं पद. दिगंबर फार सुरेख गायला. माझे डोळे भरून आले, ताईनं माझा हात दाबला. भाऊजी हातांची घडी घालून दगडासारखे बसले होते. गाणाऱ्या बाईंनी 'वाचा हरिली, सूर न हरिला, नाथा' हे राणीचं पद घेतलं तेव्हा आम्ही दोघी बहिणींनी वन्स मोअर देण्यासाठी श्वास घेतला, आणि तेवढ्यात एक म्हातारबाबा उठले.

"गाना बेस हाय," ते म्हणाले. "पन सोंगां कदी येनार?"

इकडे बोहाडा असतो (मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवण्याचा उत्सव). सोंग नाही तो खेळ कसला, असं त्यांचं सरळ म्हणणं. दिगंबरनं समजावलं की इथं सोंगं नाहीत, फक्त पदं आहेत.

आता हिरूबाय उभी राहिली. "सोंगां नाय तं नाय. पन त्या रानीचा काय झाला ता सांग. समदी बायामानसां कामां टाकून आलीत."

दिगंबर ऑर्गनवाल्यांकडे पाहू लागला, ऑर्गनवाले तबलजींकडे. पदं त्याला गुरूंनी शिकवली होती, ख्यालासारखी, ताना-हरकतींसकट. त्यांच्यामधलं गद्य त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. "राणी... वनात जाते," तो म्हणाला.

"ता आमाला जीपमदी कळला," हिरूबाय म्हणाली. "पुढं?" आणि मग तिनं बोट दाखवलं. "त्या टोपीवाल्या बाबांना म्हाईत हाय!"

सगळं पटांगण वळून भाऊजींकडे पाहू लागलं. दिगंबरनं गादीवरूनच हात जोडले, "काका, येतं तुम्हाला?" येतं का! ते गद्य त्या माणसाच्या गळ्यापर्यंत येऊन थडकत होतं, मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. पण त्यांनी दोन्ही हातांनी मफलर तोंडावर दाबून धरला आणि ताईकडे पाहिलं. घाम फुटला होता बिचाऱ्यांना, पौषात.

ताई समोर बघत बसली. मला तिचा राग आला, अगदी खरा राग. मी काही बोलणार एवढ्यात ती ताठ झाली, पदर सारखा केला आणि नाटकाच्या शेवटच्या अंकातलं राजाचं वाक्य, राजाच्याच रुबाबात, मोठ्यानं म्हणाली:

"आमची आज्ञा आम्हीच मागे घेतो. बोला!"

मी थक्क झाले. म्हणजे गद्य तिलाही पाठ होतं. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत ओठ मिटून बसली होती, एवढंच.

भाऊजींनी मफलर काढला आणि ते गादीजवळ गेले. पुढं जे झालं त्याला कार्यक्रमपत्रिकेत जागा नव्हती. भाऊजींनी "कोण आहे रे तिकडे?" अशी राजाची आरोळी ठोकली मात्र, म्हातारबाबांनी कुठून तरी संबळ आणून वाजवायला सुरुवात केली. सोंग आलं की संबळ वाजलाच पाहिजे आणि सोंगानं फेर धरलाच पाहिजे, हा रिवाज. तेव्हा राजा आला की संबळ, राणी आली की संबळ, आणि दर वेळी माकडटोपीतले भाऊजी गादीभोवती एक फेरी मारून मग भाषण करत. तबलजी रुसले. ऑर्गनवाल्यांनी मात्र संबळाचा ठेका पकडला. एक प्रवेश गद्याचा, मग दिगंबरचं पद, की पुन्हा प्रवेश, असं नाटक चालू झालं. आता पदं सुरू झाली की बाया डोळ्यांना पदर लावत होत्या, कारण गाणारी राणी कुठं आणि का गातेय हे त्यांना कळत होतं.

वनात वाट चुकलेल्या राजाला सूर ओळखू येतो, भावाचा उलगडा होतो आणि तो राणीपुढं गुडघे टेकतो. भाऊजींनी गुडघे टेकले. टेकले ते टेकलेच, उठवायला दिगंबर धावला. तेवढ्यात हिरूबाय ओरडली, "परत सांगा! राजाला परत रडवा!" बायांनी टाळ्या वाजवून तेच लावून धरलं. वन्स मोअर पदाला असतो, ही आमची जन्माची समजूत. गद्याला वन्स मोअर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तो मिळाला तो आमच्या भाऊजींना. त्यांनी पुन्हा गुडघे टेकले, पण या वेळी तोंड ताईकडे होतं. ताई लाजली. साठीला आलेली माझी बहीण अशी लाजलेली मी तिच्या लग्नानंतर पाहिली नव्हती.

परतीच्या जीपमध्ये जत्रेहून आलेली माणसं नव्या घोंगड्या पांघरून बसली होती. भाऊजींचा आवाज पार बसला होता. कुणीतरी विचारलं, कुठं गेला होता, आणि ताईनं किन्हवली येईपर्यंत त्यांना अख्खी मौनमालती ऐकवली. एका ठिकाणी ती अडखळली, तर भाऊजींनी घोगऱ्या आवाजात शब्द पुरवला. तिनं तो घेतला आणि पुढं गेली.

शहापूरच्या स्टँडवर दिवे लागले होते. आम्ही गेलो होतो पदं ऐकायला. पदं आम्हाला घरीही येत होती. त्या गावानं मागितली म्हणून राणीची गोष्ट आम्हाला परत मिळाली, आणि तिच्याबरोबर माझी ताईही भाऊजींना परत मिळाली, असं मला बाकावर बसल्या बसल्या वाटत होतं. नाशिकची गाडी लागली. मी चढताना भाऊजींनी हलकेच विषय काढला, "ठाण्याच्या प्रयोगाची तिकिटं उद्यापासून मिळतायत. एक काढू की..."

"दोन," ताई म्हणाली. "आणि कडेच्या खुर्च्या घ्या. हाकललं तर दोघांना पटकन उठता येईल."