दुसरी खिडकी

“बघू, कुठली खिडकी बंद आहे,” असं म्हणत आमचे कल्याणचे गुरांचे डॉक्टर खिशातून दाढीचा छोटा आरसा काढायचे आणि जनावराच्या नाकाशी धरायचे. बैल असो, टांग्याचा घोडा असो, आधी आरसा. काचेवर वाफेचे दोन ठिपके उमटले की दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. गोठे फिरून डॉक्टर इतके दमलेले असत, की बोलायलाही आधी खाली बसत.

मी तेव्हा विशीतली, नुकतं लग्न झालेली आणि अर्थातच सर्वज्ञ. आमच्या मोत्याच्या उजव्या नाकपुडीतून रक्त येऊ लागलं, तेव्हा निदान मीच केलं: घोळणा फुटलाय, ऊन बाधलंय. डोक्यावर ओली पट्टी, नाकाशी फोडलेला कांदा, रोज चमचाभर गुलकंद. कुत्र्याला गुलकंद! दोन महिने. मोत्या शिंकायचा, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडायचे आणि मी शेजारणींना सांगायचे, “उष्णता बाहेर पडतेय.”

शेवटी डॉक्टरांना बोलावलं. आरशावर एकच ठिपका आला. त्यांनी डोळ्याखालचं हाड अंगठ्याने चाचपलं, तसा मोत्या कळवळला.

“वहिनी, आत गाठ आहे. मला तर कॅन्सरच वाटतो.”

“मग कापून काढा ना!”

“मुंबईला कापतील. पण मुळासकट निघत नाही ती, पुन्हा वाढते. त्याला किती सोसायला लावायचं?”

दुखण्यावरच्या पुड्या दिल्या आणि आरसाही माझ्याच हातात ठेवला. “रोज धरा. दुसरी खिडकी बंद झाली की त्याला झोपही लागणार नाही. त्या दिवशी मला बोलवा. सुई देऊन सोडवू.”

एके सकाळी काच कोरडीच राहिली. मी बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी ते आपणहून आले, तर या शहाणीने पाठ फिरवून आरशावर स्वतःच फुंकर मारली आणि तो पुढे केला.

“बघा, वाफ आहे की!”

“अख्खा आरसा भरला?” ते ओट्यावर बसले. रागावले नाहीत. “वहिनी, झोपलाय का तो तीन दिवसांत?”

“नाही.”

“मग डोकं मांडीवर घ्या त्याचं.”

महिन्याभराने आंबिवलीला एका गोठ्यात ते दिसले. मनगटावरचं घड्याळ काढून वासराच्या नाकाशी धरलं होतं आणि त्याच्या काचेवर वाफ शोधत होते. मी जीभ चावली, उद्या आरसा नेऊन देऊ म्हणत गुपचूप मागे फिरले. माझा उद्या उजाडायच्या आत त्यांची बदली झाली.

आरसा अजून ट्रंकेत आहे. पारा उडालाय. तोंड बघायला मात्र तो मी कधीच काढला नाही.