घरतकाकांनी मागितलेली एक ओळ

घरतकाका गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुजातानं फोनवर कळवलं तेव्हा मी ऑफिसात बसून आमच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीतल्या सुधारणांची यादी लिहीत होतो. "सकाळी दात घासता घासता अंगणात खाली बसले, ते उठलेच नाहीत," ती म्हणाली. जे बोलायचं असतं ते मी बोललो. फोन ठेवल्यावर मनात पहिली आली ती मात्र सुटल्याची भावना... आता ते मला कधीच काही विचारणार नाहीत. त्या भावनेची लाज वाटायला मला दोन दिवस लागले आणि गव्हाणला त्यांच्या घरी जायला तीन आठवडे.

गणपत घरत तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. पनवेलमध्ये एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर आमचं चौघांचं ऑफिस होतं आणि आम्ही त्या कारखान्यासाठी देखरेखीचा प्रोग्रॅम बनवला होता. टाक्यांचं तापमान, दाब वगैरे सगळं कंट्रोल रूममध्ये ब्राउझरमधल्या एका पानावर दिसायचं. आम्हा चौघांपैकी कुणीही त्याआधी कारखाना आतून पाहिलेला नव्हता. काकांनी पहिल्याच दिवशी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "सायेब, ह्यो पिवला रंग कुनासाठी? दुपारचा ऊन आत आला का मना काय दिसत नाय." आम्ही रंग बदलला. मग त्यांनी आकडे मोठे करून घेतले. टाक्या आम्ही नावांच्या अक्षरक्रमाने लावल्या होत्या, त्या त्यांनी प्लँटमध्ये फेरी मारताना ज्या क्रमानं लागतात तशा लावायला लावल्या. एकेक सुधारणा अर्ध्या दिवसाची. पण त्यांच्यामुळेच ते पान माणसांनी वापरण्याजोगं झालं, आणि पुढे तेच पान दाखवून आम्ही आणखी कारखाने मिळवले. त्यांचं नाव आम्ही कुठेही घेतलं नाही.

एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा मागत राहिले. "आकडा दिसतो, पन तो आताचा हाय का मघाचा, ता कसा कलनार? खाली येल लिवा." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सेन्सर बंद पडला तर आमच्या पानावर शेवटचा आकडा तसाच हिरवागार राहायचा. पण आकड्याखाली वेळेची ती एक ओळ दाखवायची तर नुसतं पान बदलून भागणार नव्हतं. पान ज्या वाटेनं सर्व्हरकडून आकडे मागून घेतं, जिला आम्ही एपीआय म्हणतो, तिथपासून बदल करावा लागणार होता. नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला आलेख हवे होते, मी आलेखांच्या मागे होतो. "पुढच्या आवृत्तीत नक्की, काका," असं मी त्यांना तीनदा सांगितलं.

मग एका दुपारी एका टाकीच्या सेन्सरची वायर सुटली. स्क्रीनवर तापमान जागच्या जागी थांबलं, आणि आत ते चढत राहिलं. काकांना शंका आली, कारण आकडा बराच वेळ दशांशानंसुद्धा हलला नव्हता. ते धावत खाली गेले, त्यांनी हातानं वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. कुणाला इजा झाली नाही. पण माल वाया गेला, उग्र वास शेजारच्या नव्या वसाहतीपर्यंत पोचला, तक्रारी झाल्या आणि चौकशी बसली.

चौकशीत मलाही बोलावलं. टेबलाच्या त्या बाजूला काका हात मांडीवर ठेवून बसले होते. मॅनेजरनं मला विचारलं, "तुमच्या सिस्टीममध्ये काही दोष होता का?"

मी म्हणालो, "सिस्टीम व्यवस्थित चालू होती."

ते खोटं नव्हतं, सर्व्हर चालूच होता. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता ते त्या ओळीचं सांगतील... ते काहीच बोलले नाहीत. फेरी वेळेवर मारली नाही असा ठपका ठेवून त्यांना कंट्रोल रूममधून काढलं आणि गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या नोंदी करायला बसवलं. पुढच्याच आठवड्यात मी दोन दिवस बसून ती ओळ घातली आणि सुधारणांच्या यादीत लिहिलं, 'किरकोळ बदल'.

वर्षभरानं ते पनवेलच्या मासळी बाजाराबाहेर भेटले. मी नजर चुकवणार तोच त्यांनी हाक मारली. "येल टाकली ना खाली? पोरं सांगत व्हती. बरा झाला. आता येल जुनी झाली का आकडा लाल व्हायला पायजे, तेवडा करा." मी मान हलवली आणि घाई आहे म्हणून निघालो. आकडा लाल करायचं काम मात्र त्याच संध्याकाळी केलं. माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं.

गव्हाणला गेलो तेव्हा सुजाता आणि तिची आई पडवीत बसल्या होत्या. मी सुजाताला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. "बाबांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणायचे, नवीन धंदा आहे, घाबरला असेल. पण आईला त्यांनी कधी सांगितलं नाही. तिला अजून वाटतं, चूक बाबांचीच. तिला तुम्ही सांगा. आणि मोठ्यानं सांगा, तिला कमी ऐकू येतं."

मी मोठ्यानं सांगितलं. समोरच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या दोघांचे हात थांबले. माझ्याकडून झालेली चूक पहिल्यांदाच मी लोकांसमोर कबूल करत होतो, आणि ज्यांनी ती ऐकायला हवी होती तेच नव्हते. कारखान्याला तसं पत्रही लिहून देईन, असं मी म्हणालो. ते मी दिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

काकू उठून आत गेल्या आणि मला हाक मारली. खोलीत पलंगाच्या वर, खुंटीला एक निळा शर्ट हँगरवर लावलेला होता, कडक इस्त्रीचा. गेटवरच्या लोकांना खाकी कपडे मिळतात. निळा शर्ट कंट्रोल रूमवाल्यांचा.

"रिटायर होईस्तवर दर म्हयन्याला धुवून इस्त्री करून ठेवायचे," काकू म्हणाल्या. "परत वर बोलवतील म्हनायचे."