तेंबाकुल बेटावरची वीज

बुआंग म्हणजे टाकून दिलेला. थोरल्या मुलीनंतरची दोन पोरं दगावली, तेव्हा हा तरी जगावा, कुणाची नजर लागू नये, म्हणून आईनं हे नाव ठेवलं. पोरगा जगला. त्र्याहत्तरी उलटली तरी तो सिंगापूरच्या धक्क्यावरून तेंबाकुल बेटावर कामगारांची ने-आण करणारी मोटारबोट चालवत होता, आणि सुकाणूवरचा हात अजून थरथरत नव्हता.

तेंबाकुल हे त्याचं स्वतःचंच गाव. एके काळी तिथं बेचाळीस घरं होती, खांबांवर उभी, निम्मी पाण्यावर. त्याचा बाप सारिप त्या गावचा मुखिया. माणूस शांत, मासेमारीत पटाईत, आणि सरकार-दरबाराची पायरी कधी न चढलेला. पण बासष्ट साली त्याची थोरली लेक सेनाह पहिल्या बाळंतपणात अडली. तिन्हीसांज झालेली. घरातल्या एकुलत्या गॅसबत्तीचं मेंटल नेमकं तेव्हाच गळून पडलं. दुसरं नव्हतं. रॉकेलच्या चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात सुईण चाचपडत राहिली. नाळ मुलाच्या गळ्याभोवती आवळली आहे हे तिला कळलं तेव्हा पोर निळं पडलं होतं. सेनाह वाचली. तिची कूस पुन्हा उजवली नाही.

पुढच्या आठवड्यात सारिप होडी वल्हवत शहरात गेला आणि अर्जनविसासमोर उकिडवा बसला. "लिही," म्हणाला, "आमच्या गावाला वीज द्या."

दर वर्षी एक, असे बारा अर्ज गेले. बाराही वेळा वाटाण्याच्या अक्षता. एकदा एक साहेब मात्र स्वतः आला. शहाळं प्याला, गावभर हिंडला आणि मुखियाच्या ओसरीवर बसून समजुतीच्या सुरात म्हणाला, "बेचाळीस घरांसाठी समुद्राच्या तळाशी केबल टाकायची? मुखिया, कुणाला सांगितलं तर लोक हसतील."

"हसू देत की," सारिप म्हणाला. "हसून झालं की टाका."

साहेब खरंच हसला. चौऱ्याहत्तर साली हुकूम आला. वीज तुमच्याकडे येणं परवडत नाही, तेव्हा तुम्हीच विजेकडे या. घरं मोडली. माणसं शहरातल्या सरकारी इमारतींत विखुरली. टेकडीवरच्या कबरी नोंदवहीप्रमाणे उकरून दुसरीकडे नेल्या. सारिपच्या वाट्याला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट आला. खोली-खोलीत दिवे, संडासातसुद्धा दिवा. पण म्हाताऱ्यानं एकाही बटणाला कधी बोट लावलं नाही. संध्याकाळी अंधारात तसाच खिडकीशी बसायचा. बायको येऊन दिवा लावायची, तेव्हा डोळे मिटून घ्यायचा. तीन वर्षांत गेला.

बुआंगनं जहाजांच्या गोदीत तीस वर्षं घासली आणि मग बोटीचं काम धरलं. बायको वारली. विधवा सेनाह त्याच्या घरी राहायला आली. बेट तोवर रानानं गिळलं होतं.

मग एक दिवस कंत्राटदाराच्या माणसानं विचारलं, "पाकचिक, तेंबाकुलची वाट माहीत आहे का?" वडीलधाऱ्या माणसाला तिथं पाकचिक, म्हणजे काका, म्हणतात.

बुआंग म्हणाला, "थोडीफार."

देशात जागा बोटभर. इमारतींची छपरं भरली, तलावांवर सौरपाट्या तरंगू लागल्या, तरी विजेची भूक भागेना. म्हणून आता रिकाम्या बेटावर सौरपाट्या मांडायच्या आणि टोकाला पवनचक्की उभी करायची असं ठरलं होतं. दोन वर्षं बुआंगनं बंगाली आणि तमिळ पोरं पोहोचवली. डोळ्यांदेखत रान साफ झालं, टेकडी आरशांसारख्या पाट्यांनी झाकली. आणि मग मोठं जहाज येऊन उभं राहिलं, त्याच्या पाठीवर भल्या मोठ्या रिळाला गुंडाळलेली काळी केबल. सात दिवसांत ती समुद्राच्या तळाशी पडली. समुद्र तोच होता, खोलीही तीच. बुआंग बोट बंद करून ते बघत राहिला. डब्यातला नारळीभात तसाच परत नेला.

प्रकल्पाचं जनसंपर्काचं काम बघणारी मिस केर नावाची तिशीतली मुलगी रोज त्याच्याच बोटीनं जायची. एकदा तिनं सहज विचारलं, "पाकचिक, इथं पूर्वी काय होतं हो?"

"माझं घर," बुआंग म्हणाला. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं बोट दाखवून घर कुठं होतं ते सांगितलं, बापाच्या अर्जांचंही सांगितलं.

मिस केरच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी वाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "उद्घाटनाला तुम्ही बोला. हे सगळं लोकांना कळायलाच हवं."

घरी सेनाहनं ऐकलं आणि लसूण सोलता सोलता म्हणाली, "तू बोलणार? तुला बायकोपुढं बोलता येत नव्हतं."

"या वेळी बोलेन, कक." ताईला तो ककच म्हणायचा. "बापाचं सगळं सांगेन. त्या साहेबाचं हसणंसुद्धा."

"सांग. पण गोड करून सांगू नको. तुझी खोड आहे ती."

उद्घाटनाच्या दिवशी मांडवात थंड हवेचे पंखे, पुढच्या रांगेत बडे लोक. बुआंगनं इस्त्रीचा बाटिक सदरा घातला होता. त्यानं गोड केलं नाही. सरळ सांगितलं. "बहिणीचं मूल अंधारात गेलं. बापानं बारा वर्षं वीज मागितली. माणसं थोडी आहेत म्हणून दिली नाही. आम्हाला उठवलं. आज इथं एकही माणूस नाही, आणि वीज आहे." एवढं बोलून तो थांबला.

मांडवात क्षणभर शांतता पसरली. बुआंगला वाटलं, लागलं यांना. कुठंतरी लागलं.

मग मुख्य पाहुणे उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून ध्वनिक्षेपकात म्हणाले, "पाकचिक, तुमचे वडील काळाच्या पुढं होते! त्यांनी पाहिलेलं स्वप्न आज आपण पूर्ण केलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. एका बाईनं डोळे पुसले. बुआंगला मधोमध उभं करून पन्नास फोटो काढले आणि हातात जेवणाचा डबा दिला. तो काय बोलला होता ते त्यालाच क्षणभर कळेना.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला. वर ठळक अक्षरांत, 'मुखियाचं स्वप्न साकार'. शेजारच्या पोरीनं सेनाहला वाचून दाखवलं.

"स्वप्न?" सेनाह म्हणाली. "बापाला एक बल्ब हवा होता रे मेल्या. स्वप्न कुणी मागितलं होतं?"

"मी तसं बोललो नव्हतो, कक."

"तू काय बोललास ते कुणी विचारतंय का? फोटोत तू हसतोयस."

हसत होता खरा. फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून.

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "मला तिथं घेऊन चल. माझं पोर टेकडीच्या पायथ्याशी आहे. दगड नव्हता, नाव नव्हतं, म्हणून वहीत नोंद नव्हती. बाकीच्या कबरी नेल्या, ते राहिलं."

बुआंगला हे पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, सगळ्यांबरोबर तेही नेलं.

यादीत नाव नसलेल्या माणसाला बेटावर पाय ठेवता येत नव्हता. मिस केरनं पुष्कळ खटपट केली आणि अखेर सांगितलं, "महिन्यातून एकदा पर्यटकांची सहल असते. मी मकचिकचं, तुमच्या ताईचं, नाव त्यात घालते."

तेव्हा एकोणऐंशी वर्षांची सेनाह पर्यटक होऊन आपल्या गावी गेली. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, गळ्यात ओळखपत्र. बोट सोडून जायची परवानगी नसल्यानं बुआंग धक्क्याशीच थांबला. गाइड मुलगा लोकांना समजावत होता, "ही जागा अनेक वर्षं पडीक होती." सेनाहनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. टेकडीभोवती तारेचं कुंपण होतं. पाट्यांच्या रांगा पार पायथ्यापर्यंत उतरलेल्या. ती कुंपणाशी उभी राहिली, हात पसरून पोरासाठी फातिहा म्हणू लागली. दोन ओळींतच गाइड मागं आला. "मकचिक, पुढं चला ना. दुसरी तुकडी यायची आहे."

ती पुढं चालली.

बोटीत चढताना बुआंगनं हात दिला. "दिसली का जागा?"

"कुठून दिसणार? सगळं सारखंच आहे." तिनं शिरस्त्राण काढून त्याच्या हातात दिलं. "दुआसुद्धा अर्धी राहिली."

"बोटीत म्हण ना, कक. मी हळू चालवतो."

"नको," ती म्हणाली. "लोक बघताहेत. चालव."

मागच्या बाकावरच्या दोन बाया त्याला फोटोवरून ओळखून आपसात कुजबुजत होत्या. एकीनं फोन पुढं करून विचारलं, "अंकल, एक फोटो?" बुआंगनं इंजिन सुरू केलं. या वेळी त्यानं मागं वळून पाहिलं नाही.