अप्पांचा घाणा आणि शाबूत डोकी

दुकानासमोर बाकडं टाकलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते सकाळी दहालाच येऊन बसतात आणि चहा मागतात! नाशिकच्या गंगापूर रोडला आमचा तेलाचा लाकडी घाणा आहे. काउंटरवर मी, आणि प्रवचनाला अप्पा, म्हणजे माझे वडील. विषय कायम एकच: "करडई, शेंगदाणा, तीळ! घाण्याचं तेल खा, डोकं शेवटपर्यंत शाबूत!"

*

रिटायर्ड जोशी सर व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून आले. "स्मरणशक्तीला ऑलिव्ह ऑइल चांगलं म्हणे. आहे का?"

अप्पा भडकले. "परदेशी झाडाला नाशिकच्या डोक्यातलं काय कळतंय?"

सरांना पटलं. त्यांनी करडईचं घेतलं, पैसे दिले आणि तेल काउंटरवरच विसरून गेले!

*

निफाडच्या यमुनाआत्या आमच्या तीळतेलावर खूश. "लय गुण आला गं पोरी! लेकाच्या लग्नात व्याह्यांनी काय काय कमी केलं, समदं आठवाया लागलं!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन. "ताई, सासूबाईंना पामतेल चालेल का हो?"

*

मी एकदा म्हटलं, "अप्पा, तेलाचा मेंदूला फायदा होत असेलही, पण खात्री कुठलाच डॉक्टर देत नाही."

"त्या डॉक्टरचं वय काय?"

संपला वाद! आमच्या घरात केस पिकल्याशिवाय विज्ञान कळत नाही.

*

आमच्याकडे गिऱ्हाइकं घरची रिकामी किटली ठेवून जातात. तिच्यावर नाव लिहायचं नाही. कुठली कुणाची, हे अप्पांना पाठ! तोच त्यांचा तोरा. पण दिवाळीपासून सरांच्या किटलीत आत्यांचं तीळतेल जायला लागलं. मी गुपचूप नावाच्या पट्ट्या चिकटवल्या. अप्पांनी ओरबाडून काढल्या.

"अप्पा, डॉक्टरकडे चला."

"तेलवालाच विसरतो म्हटल्यावर दुकानात कोण येईल? वेडी का तू?"

आणि ओरबाडलेल्या पट्ट्या त्यांनी ड्रॉवरमध्ये कोंबल्या.

*

परवा दुपारी मी घरून जेवून, आमचीच रिकामी किटली घेऊन परतले. दुकानात अप्पा एकटेच. मला बघून त्यांनी हात जोडले.

"या ताई! करडईचं न्या. माझी मुलगी लहानपणापासून हेच खाते. रोज भांडते माझ्याशी, पण काय डोकं आहे! एक गोष्ट विसरत नाही."

मी काउंटरच्या बाहेरच थांबले. किटली पुढे केली.

"संध्याकाळी भरून ठेवतो," असं म्हणत त्यांनी ड्रॉवरमधून एक चुरगळलेली पट्टी काढली, बोटांनी सरळ केली आणि पेन उघडलं.

"नाव सांगा ताई. हल्ली लक्षात राहत नाही माझ्या. फक्त माझ्या मुलीला सांगू नका!"