स्फटिकाला कळलेली गोष्ट

दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं किरणोत्सर्ग मोजतेय. आमच्या उपकरणाचा जीव म्हणजे मुठीएवढा एक स्फटिक. गॅमा किरण त्यात शिरला की तो क्षणभर लुकलुकतो, आपल्या डोळ्यांना कळणारही नाही इतकं मंद. मागे जोडलेली काचेची नळी त्या उजेडातून इलेक्ट्रॉन सोडवते, एकाचे लाखो करते, आणि मग संगणकावर एक नोंद पडते. किरण जितका जोरकस तितकी लुकलुक मोठी, त्यामुळे तो कुठल्या पदार्थातून आला हेही ओळखता येतं. बाहेरचा उजेड आत शिरला तर सगळं मुसळ केरात. म्हणून स्फटिक जन्मभर अंधारात, डबाबंद. मला त्याची कधी दयाबिया आली नाही, यंत्र ते यंत्र.

गेल्या हिवाळ्यात माझ्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी हृदयाचा स्कॅन सांगितला. हे गेल्यापासून लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मी एकटीच राहते. मुलगी बंगळुरूला, नोकरीत गळ्यापर्यंत बुडालेली. तिला सांगायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं. ऊठसूट रडगाणं गाणाऱ्या आया मला आवडत नाहीत. ऑफिसात ‘बँकेचं काम आहे’ सांगून रजा टाकली. ऑटोनं गेले, किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन घेतलं, स्कॅन करून ऑटोनंच परतले. रिपोर्ट बरा निघाला, गोळ्यांवर भागलं. पण तो हातात घेऊन घरात शिरले तेव्हा ‘बरा आहे’ हे सांगायलाही कुणी नव्हतं, आणि ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावर हजर. सकाळी पहिलं काम म्हणजे आत काही न ठेवता रिकामं उपकरण चालवून बघायचं. त्या दिवशी आकडे नुसते उधळलेले! झालं, मी खवळले. माझी सहकारी रोहतकची, माझ्या मुलीच्याच वयाची. किरणोत्सर्गी नमुना कपाटाबाहेर राहिला असणार, म्हणून तिच्यावर तोफ डागली, ‘‘सोर्स बाहर किसने छोड़ा?’’ ती बिचारी शपथा घेत राहिली. आम्ही कपाटं उघडली, टेबलं पुसली, हातमोजे बदलले. काही उपयोग नाही. वैतागून मी चहाला गेले. परत आले तर ती पडद्याकडे टक लावून उभी.

‘‘मॅडम, आप बाहर जाती हैं तो बिल्कुल ठीक हो जाता है.’’

मी पडद्यावर पाहिलं. आलेखाचा सुळका ओळखीच्या जागी होता. दवाखान्यात टोचतात त्याच औषधाचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! किरण माझ्याच अंगातून येत होते. औषध उतरायला वेळ लागतो, हे मीच नव्या लोकांना शिकवते. पण लपवालपवीच्या नादात माझं मलाच सुचलं नाही.

‘‘अकेली गई थीं?’’ तिनं हळूच विचारलं.

‘‘तो क्या बारात लेके जाती?’’ मी फिस्कारले, आणि पुढच्याच क्षणी मला रडू कोसळलं. एवढ्या दिल्लीत माझ्या दुखण्याचा पत्ता लागला तो एका स्फटिकाला.

तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि माझा फोन माझ्याच हातात कोंबला. ‘‘बेटी को बताइए. अभी.’’

व्हरांड्यात जाऊन मी फोन लावला आणि मुलीला छातीतल्या दुखण्यापासून रिपोर्टपर्यंत सगळं सांगून टाकलं. आता बोलणी खावी लागणार, अशी मी तयारी केली.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘दिवाळीआधी माझं ऑपरेशन झालं. गाठ होती. साधीच निघाली. तुला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही.’’

मी तिथेच पायरीवर बसले.

‘‘अगं, सोबत कोण होतं?’’

‘‘कुणी नाही. तुझीच मुलगी ना मी.’’