परक्या बायकोचं काम

चंदना ही कृष्णाकाठच्या एका जैन शेतकऱ्याची मुलगी. वीसेक वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची विहिरीवरची मोटार जळली. ती रिवाइंडिंग करायला आमच्या चर्चच्या मंडळीतला कृष्णात लोंढे गेला. मोटार दुरुस्त होऊन परत गेली, मुलगी मात्र सांगलीला आमच्या शेजारी राहायला आली.

दर रविवारी ती चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर असते. गीतं तिला आमच्यापेक्षा चांगली पाठ आहेत. पण कांदा, लसूण, बटाटा तिच्या घरात शिजत नाही आणि दिवस मावळल्यावर ती जेवत नाही. पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याचं विचारलं की म्हणते, "घेईन की, पाणी कुठं पळून चाललंय?" कृष्णातला मटण लागतं. ते तो परसात पत्र्याखाली, वेगळ्या स्टोव्हवर स्वतः शिजवतो आणि तिथेच उभ्याने खातो.

तिला एकच गोष्ट लागून राहिली होती. तिची आई राजमतीआक्का तिला बाजारात भेटायची, स्वप्नालीला, म्हणजे नातीला, दिवाळीला कपडे घ्यायची, पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा तिने कधी घेतलं नव्हतं. "एकदा माझ्या हातची भाकरी खाऊ दे तिला," चंदना मला म्हणायची, "मग काय त्या शिव्या देऊ दे."

गेल्या वर्षी चर्चमधल्या हंगामाच्या सणाला, म्हणजे सुगीच्या उपकारस्तुतीला, ज्योतिबा मास्तरांनी नाटक लिहिलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेत, शिकवण्यातून नाहीत. विषय बायबलातल्या एज्रा शास्त्र्याचा. यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेला परत येतात, पाहतात तर बऱ्याच जणांनी परजातीच्या बायका केलेल्या. एज्रा शोक करतो आणि भर पावसात सगळ्यांना उभं करून सांगतो, या बायका घालवून द्या.

एज्रा स्वतः मास्तर. अडलं ते परक्या बायकांपाशी. एकही बाई तयार होईना. पाळकसाहेबांची वहिनी तर चिडलीच, "मी परकी? आमची तिसरी पिढी आहे या बाकावर!"

"मी करते," चंदना म्हणाली. "मला काय, पाठ करायला नको."

तिला घालवायला दुसरा पुरुष कसा चालेल, म्हणून कृष्णातलाच नवऱ्याचं काम दिलं. त्याला एकच वाक्य होतं. मी हातात वही घेऊन पडद्याआडून वाक्यं पुरवत होते, त्यामुळे तालमी सगळ्या पाहिल्या. तो पायाकडे बघत म्हणायचा, "मी हिला... घालवू का?"

"विचारतोस काय!" मास्तर ओरडायचे. "हाकलायचं आहे!"

"सर, घरी गेल्यावर मला जेवाण हीच देती."

स्वप्नालीने आजीला नाटकाचं आमंत्रण दिलं. आईला छान साडी नेसवणार आहेत एवढंच सांगितलं, गोष्ट सांगितली नाही. आणि आक्का खरोखर आली. स्वप्नालीच्या मामाने, भरतेशने, तिला मोटारसायकलवरून आणून चर्चच्या अंगणात पहिल्या रांगेत बसवलं आणि तो गाडीपाशी थांबला.

नाटक दुपारी सुरू व्हायचं ते उशिरा झालं. शोक करताना एज्राने दाढीचे केस उपटले असं शास्त्रात आहे. मास्तरांची अख्खीच दाढी हातात आली. ती परत चिकटवण्यात वेळ गेला. मग पाऊस. त्यासाठी मुलांनी द्राक्षबागेतला फवारणी पंप आणला होता. त्यांनी तो नेमका कृष्णातच्या कानात सोडला. कृष्णात असा चिडला, असा चिडला, की वाक्य पहिल्यांदाच बरोबर आलं.

"जा! निघ माझ्या घरातनं! आत्ताच्या आत्ता!"

पहिल्या रांगेतून राजमतीआक्का उठली आणि सरळ स्टेजवर चढली.

"चल गं चंदे. भरतेश गाडी घिऊन उभा हाय."

"आक्का, नाटक हाय हे. खाली बस."

"नाटकात झालं म्हणून काय? चारचौघांत जीभ रेटली न्हवं त्याची?"

"आवं मामी," कृष्णात निथळत म्हणाला, "मी न्हाई म्हणत. मास्तरांनी लिवलंय."

आक्का मास्तरांकडे वळली. "तुमी व्हय? बायका घालवा म्हणून लिवताय? मग भाकऱ्या कोण थापणार, तुमी?"

"बाई, हे मी नाही लिहिलं, शास्त्रात..."

"शास्त्रात असंल तर बसून वाचा. माज्या पोरीला पाण्यात कशाला उभी करताय? खोकला हाय तिला."

लोक हसून हसून बाकांवर आडवे झाले. मी पुढचं वाक्य पुरवत होते, पण ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

तेवढ्यात आक्काची नजर मावळतीकडे गेली. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकायला आला होता. गाव तासाभरावर. घरी पोचेपर्यंत अंधार पडणार आणि तिला उपाशी झोपावं लागणार.

चंदना हळूच म्हणाली, "आक्का, घर हितंच मागं हाय. कांदा न्हाई, बटाटा न्हाई. तुज्यासारखंच हाय सगळं."

"पाणी?"

"गाळून."

"आन ह्यो? ह्यो काय खातो?"

"परसात खातो मामी," कृष्णात घाईने म्हणाला. "भांडी बी येगळी. पावसात बी भाईरच."

आक्काने त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग सूर्याकडे पाहिलं. "बिगी चल," ती लेकीला म्हणाली.

मास्तर पुन्हा सुटलेली दाढी हातात धरून विचारत राहिले, "मग शेवट?"

घाईत चंदनाची पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. आक्का म्हणाली, "मोडकी दे, चालती." पाटावर बसून तिने मुगाच्या आमटीत भाकरी कुस्करली, खाल्ली आणि दुसरी मागितली. मीठ कमी आहे हेही सांगितलं. चंदना पदराने डोळे पुसत थापत राहिली.

कृष्णात दाराबाहेर उभा होता. अंगावर यहुद्याचा झगा, पायाखाली पाण्याचं थारोळं. आत यायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी भाकरी संपल्यावर आक्काने मान वर केली.

"त्याला बी घे की गं आत," ती म्हणाली. "गारठून मरंल. पर पाय पुसून."